चिंचेभोवती अडीच वेढे

ढोरटेकावर मोटारसायकलींसाठी राखलेली एकच वाट आहे. चोवीस एप्रिलच्या सकाळी तिच्यावर चाकाचा एकही ठसा नव्हता. त्याच टेकडीवर पाणी अडवणारे दगडी बांध एकोणीस आहेत. त्या सकाळी ते एकोणीसही फुटलेले होते आणि प्रत्येक खिंडारातून चाके गेलेली होती.

"एकोणीस," अफ्रीनने वहीत आकडा लिहून त्याखाली रेघ ओढली. "पुन्हा एकदा मोजू का?"

"दोनदा मोजले. तिसऱ्या खेपेले काय वीस होनार हायेत?" हरीओमने एका सुट्या दगडावर बसकण मारली.

"उठ तथून," त्याची बहीण वैजयंती म्हणाली. "बांधाचा दगड हाये तो. आधीच कमी पडून राह्यले."

अफ्रीन रिसोडच्या रहीम मेकॅनिकची मुलगी, वय तेरा. वैजयंती तिच्याच वर्गातली; टेकडीखालच्या गावातून रोज एस.टी.ने शाळेला येणारी. हरीओम अकरा वर्षांचा होता आणि कोणत्याही मोहिमेत त्याला वगळले तर तो घरी जाऊन सांगत असे. म्हणून त्याला वगळले जात नसे.

बांध म्हणजे फार मोठे प्रकरण नव्हते. ओघळीत आडवे रचलेले, गुडघ्याइतक्या उंचीचे दगड. चुना नाही, सिमेंट नाही. पावसाचे पाणी त्यांना अडते, माती मागे ठेवते आणि सावकाश खाली झिरपते. मात्र एक दगड निसटला की बाकीचे फार काळ तग धरत नाहीत. अकरा एप्रिलला अवकाळी पाऊस दोन तास कोसळला आणि आधीच खिळखिळे झालेले बांध त्याने धुऊन नेले. टेकडीची माती वैजयंतीच्या घरच्या हळदीच्या वावरात येऊन बसली. त्या पावसाने जुने ठसेही पुसले होते. म्हणजे आता दिसत होते ते सगळे गेल्या तेरा दिवसांतले.

वाटेची गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. गॅरेजला शुक्रवारी सुट्टी असते. अशाच एका शुक्रवारी रहीम आणि त्याचे पाच मित्र गाड्या घेऊन ढोरटेकावर आले, तेव्हा वैजयंतीचे आजोबा, इंद्रभान आबा, काठी आडवी धरून जुन्या गाडवाटेवर उभे राहिले. त्यांनी अट घातली. येणाऱ्याने आधी एक घमेले मुरूम वाटेवर टाकायचा, मगच गाडीला किक मारायची. आणि दिवाळीच्या सुट्टीत सर्वांनी पायी फिरून एकोणीस बांध पाहायचे, निसटलेला दगड जागेवर बसवायचा. या फिरण्याला 'फेरी' म्हणत. आठ वर्षांत घमेले चुकले नाही आणि फेरीही चुकली नाही. गावाला राबणारे हात मिळाले, रहीमला टेकडी मिळाली.

यंदा रमजानच्या महिन्यात रहीमचे येणे बंद होते. मार्चच्या अखेरीस तो आला तेव्हा सहा बांध ढासळलेले होते. त्याने ते रचून दिले. आठ दिवसांत तेच सहा आणि आणखी चार ढासळले. तेव्हा आबांनी त्याला सांगितले, "आता येऊ नोको."

आबांचे भांडण रहीमशी होते. त्याच्या मुलीच्या भाकरीवर तूप घालताना मात्र त्यांचा हात आखडत नव्हता. अफ्रीन दर उन्हाळ्यात या घरी राहायला येत असे. यंदाही 'येऊ नको' असे तिला कोणी म्हटले नव्हते. तेच तिला अधिक जड जात होते.

"आबा, त्या गाड्या अब्बूच्या नाई," दुपारी जेवताना ती म्हणाली.

"कशावरून?"

"अब्बू नाई म्हनले."

"म्हनले असतीन. कोनी हो म्हनते काय?" आबांनी घास तोडला. मग ताटातली भाकर बाजूला सारून ते सावकाश बोलू लागले. "पाह्य पोरी. गावात तीनशे घरं हायेत. कोनालेबी इचार, बांध कुठी कुठी हायेत. कोनी पाच सांगन, कोनी सात. बोराटीच्या जाळीमागचा बांध तं माह्या पोरालेबी माईत नाई. एकोनीसचे एकोनीस कोनाले माईत? जो फेरी करते त्याले. म्या केली, तुह्या बापानं केली, त्याच्या पाच दोस्ताईनं केली. म्या तं गाडी चालवत नाई."

अफ्रीनने या युक्तिवादात खोट शोधली. सापडली नाही.

"शुक्रवारी एक मेची ग्रामसभा हाये," आबा म्हणाले. "टेकडी बंद करनार. जेसीबीवाल्याले सांगून ठेवलं."

"मंग फेरी कोन करन, आबा?" वैजयंतीने विचारले.

"पाहू."

त्या घरात 'पाहू' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा होत असे.

अफ्रीनने परसात जाऊन रहीमला फोन लावला. पलीकडे कुठल्याशा गाडीचे इंजिन खोकत होते.

"राहू दे बेटा," तो म्हणाला. "आठ वर्षं त्यांनी माझ्यावर भरोसा ठेवला. आता नाही ठेवत म्हणतात, तर मी काय कागद दाखवू?"

"तुम्ही नाही ना केलं?"

"नाही."

"मग कागद मी दाखवते. शुक्रवारच्या आत."

शनिवारी सकाळी सहाला तिघे पुन्हा टेकडीवर होते. अफ्रीनच्या वहीत तीन अंदाज होते: गुरे, अब्बू आणि त्यांचे मित्र, किंवा गावाशी वैर असलेले कोणी. तिन्हींना तिने सारखीच जागा सोडली होती. अब्बूंना कमी जागा देणे तिला योग्य वाटले नाही.

गुरांचा अंदाज अर्ध्या तासात निकालात निघाला. खिंडारांत खुरांचे ठसे होते, पण ते चाकांच्या ठशांवर पडलेले होते. गुरे मागून आली होती, आयती वाट पाहून.

दुसऱ्या अंदाजाला दुपार झाली. गॅरेजमध्ये वाढलेल्या मुलीला टायरची नक्षी ओळखणे अवघड नसते. सहा गाड्यांची बारा चाके तिला पाठ होती. तिने प्रत्येक वेगळ्या ठशाचे चित्र काढले. बारा वाजेपर्यंत चित्रे एकवीस झाली आणि त्यांत ओळखीचे एकही नव्हते.

"म्हंजे रहीमकाका सुटले," हरीओम म्हणाला.

"नाई सुटले." अफ्रीनने मान हलवली. "आबा म्हनतीन, दोस्ताईचे दोस्त आनले."

"तू कोनाच्या बाजूनं हायेस वं?"

"ठशाच्या," अफ्रीन म्हणाली.

तिसऱ्या अंदाजाचे मात्र काही जुळेना. वैर असलेला माणूस दिसेल तो बांध फोडेल. येथे प्रत्येक गाडी पहिल्या बांधावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, अशी एकाच क्रमाने गेली होती. बाराव्या बांधापाशी राखलेली वाट अवघ्या नऊ पावलांवर होती, सपाट आणि मुरूम दाबलेली. तिकडे कोणी वळले नव्हते. आणि बाराव्या व तेराव्या बांधाच्या मध्ये जी मोठी चिंच आहे, तिच्याभोवती चाकांनी जमीन गोल खरवडली होती.

हरीओम ठशांवर पाय ठेवत चिंचेभोवती फिरला. "एक. दोन. आन हे... इथून सुटले. अडीच वेढे."

"सगळ्या गाड्या?"

"सगळ्याच. अडीच म्हंजे अडीच." त्याने आवाज खाली घेतला. "भुताटकी तं नसन?"

"भुतं ट्यूबलेस टायर वापरतेत काय?" अफ्रीनने विचारले आणि अडीच हा आकडा लिहून घेतला.

तेवढ्यात शेळ्या घेऊन रुपाबाई आल्या. कोणाच्या गाड्या येतात, असे वैजयंतीने त्यांना विचारले.

"इतवारी सकायी येतेत ना माय. भर्र भर्र आवाज येते. रहीमभाईच्याच असतीन."

"तुमी पाह्यल्या?"

"पाह्याले कायले पाह्यजे? टेकडीवर गाडी वाजली म्हंजे रहीमभाई. आठ वर्सं झाली आयकून राह्यली मी."

साऱ्या गावाने असाच आवाज ऐकला होता आणि असेच मान हलवून आपापल्या कामाला लागले होते. वर चढून कोणी पाहिले नव्हते.

"उद्या इतवार," वैजयंती म्हणाली. "पन हे लोकं थांबतीन काय आपल्यासाठी? पोट्ट्याईले कोन इचारते?"

"पोट्ट्याईले नाई इचारत," हरीओम म्हणाला. "चंद्रीले इचारतीन."

चंद्री म्हणजे आबांची म्हैस.

रविवारी उजाडताना चंद्री चिंचेखाली होती. तिचा दोर वेढ्यांच्या बाहेर ठोकलेल्या खुंटीला बांधला होता आणि वेढ्यांची रेघ जेथून सुटून तेराव्या बांधाकडे जाते, नेमक्या त्या ठिकाणी तिच्यापुढे पाटीभर कुटार ओतले होते. तिघे चिंचेवर चढून बसले. सात वाजून दहा मिनिटांनी खालून भर्र असा आवाज आला. आठ गाड्या होत्या. गुडघ्यांना कवचे, डोक्याला रंगीत हेल्मेट, आणि प्रत्येकाच्या हँडलवर फोन. बाराव्या बांधाचे उरलेसुरले दगड उडवत ते एकामागून एक वर आले, चिंचेपाशी वेग कमी केला आणि वेढे घेऊ लागले. एक. दोन. वरून पाहताना ते दृश्य देवळातल्या प्रदक्षिणेसारखे दिसत होते. फक्त चेहऱ्यांवर भक्ती नव्हती, काळजी होती.

शेवटच्या अर्ध्या वेढ्यात पहिला स्वार चंद्रीपुढे येऊन थांबला. त्याने हॉर्न वाजवला. चंद्रीने हॉर्नकडे पाहिले आणि पुन्हा कुटारात तोंड घातले. त्याच्यामागे सातजण थांबले.

वैजयंती झाडावरून उतरली. "काय झालं काका?"

"बेटा, म्हैस जरा बाजूला घेतेस का?" स्वाराने हेल्मेट काढले. मिशीत पांढरे केस होते, बोलणे मऊ होते. त्याने आपले नाव उदयसिंग असे सांगितले. दीडशे किलोमीटरवरून पहाटे निघून आले होते.

"बाजूनं जा ना. लय जागा हाये."

"नाही, बाजूनं नाही जात आम्ही. लाइन सोडायची नाही, हा आमच्या ग्रुपचा पहिला नियम आहे. लाइन सोडली की नवीन जमीन खराब होते."

त्याच्या मागे बाराव्या बांधाचा एक दगड अजून ओघळीतून गडगडत होता.

अफ्रीनही उतरून पुढे आली. "काका, चिंचेभोवती अडीच वेढे काहून घातले?"

"लाइनच तशी आहे."

"पण कशासाठी?"

उदयसिंगने विचार केला. हा प्रश्न त्याला आधी पडला नव्हता, हे स्पष्ट दिसत होते. "कोणीतरी अनुभवी माणसानं बनवली आहे ती. बॅलन्सची प्रॅक्टिस असणार."

झाडावर राहिलेल्या हरीओमला खोकला आला.

"दाखवता का लाइन?"

त्याने फोन काढून तिच्या हातात दिला. वाटा नोंदवण्याचे एक अॅप होते. टेकडीच्या नकाशावर निळी रेघ होती; ती एकोणीस ठिकाणी वाकत होती आणि मध्येच एका जागी गुंतवळ्यासारखी गुंडाळली गेली होती. रेघेखाली माहिती होती. मोटारसायकल मार्ग. लांबी ३.४ किलोमीटर. अवघड. आतापर्यंत चारशे बारा जणांनी पूर्ण केलेला.

"फेब्रुवारीत एकानं याचा व्हिडिओ टाकला," उदयसिंग म्हणाला. "तेव्हापासून गर्दी वाढली."

खाली लोकांचे अभिप्राय होते. अफ्रीनने ते वाचले. 'दगडी अडथळे एक नंबर. एकूण एकोणीस आहेत, मोजून घ्या.' 'जाळीमागचा अडथळा चुकवू नका.' आणि सर्वांत वरचा, गेल्या रविवारचा: 'अडथळे ढिले झालेत. पूर्वीची मजा राहिली नाही. कोणीतरी देखभाल करायला हवी.'

त्याच्याही वर, बारीक अक्षरांत, मार्ग टाकणाऱ्याचे नाव होते. रहीम ऑटो, रिसोड.

हरीओम आता खाली उतरून तिच्या खांद्यावरून वाचत होता. "आबाचं बरोबर निघालं," तो पुटपुटला. वैजयंतीने त्याच्या पाठीत हलकी चापट मारली. पण तीही अफ्रीनकडे पाहत नव्हती.

अफ्रीन नावाखालची ओळ वाचत होती. पंचवीस ऑक्टोबर. लागलेला वेळ: दोन तास पन्नास मिनिटे.

"काका, साडेतीन किलोमीटरला मोटारसायकलले दोन तास पन्नास मिनिटं लागतेत काय?"

"तेच आम्ही म्हणतो. रेकॉर्ड फारच स्लो आहे. आमचं बावीस मिनिटांचं आहे."

तिने वही उघडली. वही जुनी होती, सहामाहीपासूनची. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी तिने ती घातली होती. पाने मागे उलटत ती ऑक्टोबरपर्यंत आली. पान मळलेले होते, एका कोपऱ्यात फाटलेले, आणि अक्षर तिचेच होते. 'फेरीची लांबी ३.४ कि.मी. वेळ २ तास ५० मि. माणसे १०. जागेवर बसवलेले दगड ६३.'

तिने फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवले.

"हऱ्या," ती म्हणाली, "फेरीच्या दिवशी तू माह्यी वही घेऊन पयाला होता."

"मस्करी केली होती वं. वापस देल्ली ना मंग."

"कुठी पयाला होता?"

हरीओमने चिंचेकडे बोट दाखवले. तो चिंचेभोवती पळाला होता आणि अफ्रीन त्याच्या मागे. दोन वेढे झाल्यावर, तिसऱ्याच्या निम्म्यात, तो मुळाला ठेचकाळून पडला होता. पानाचा कोपरा तेव्हाच फाटला होता.

"ही लाइन अब्बूची नाही," अफ्रीन उदयसिंगला म्हणाली. तिचा आवाज वर्गात उत्तर देताना असतो तसाच होता. तिने फोन परत दिला. "माझी आहे. मी चालत होते."

तिने झाले ते क्रमाने सांगितले. फेरीच्या दिवशी अब्बूंच्या दोन्ही हातांत दगड होते, म्हणून फोन तिच्या खिशात होता. फेरी किती लांब आहे हे तिला मोजायचे होते. अब्बूंच्या फोनमध्ये अंतर मोजणारे हे अॅप होते. तिने ते सुरू केले. शेवटी त्याने विचारले, 'ठेवायचे?' तिने 'हो' दाबले, आकडे वहीत उतरवले आणि फोन परत दिला. कोणाला दिसावे, हे तिने पाहिलेच नाही. ते आधीपासूनच 'सर्वांना' असे होते. आणि फोनचा मालक मोटारसायकलवाला असल्यामुळे अॅपने चालण्याची रेघ मोटारसायकलीची धरली.

"म्हणजे हे अडथळे..." उदयसिंगने मागे वळून पाहिले.

"बांध आहेत. पाणी अडवायला. आम्ही दगड बसवत फिरत होतो. जो कच्चा दिसला, त्याच्यापाशी जास्त वेळ थांबलो."

उदयसिंगने हेल्मेट गाडीच्या टाकीवर ठेवले. "आम्हाला वाटलं, कोणी मुद्दाम रचलेत. आमच्यासाठी."

मग तो गाडीवरून उतरला आणि त्याच्या माणसांना हाक मारली. आठही जण बाराव्या बांधापाशी गेले आणि हातमोजे घातलेल्या हातांनी दगड उचलून रचू लागले. माणसे चांगली होती. गोल दगड त्यांनी खाली घातले आणि चपटे वर. पहिल्या पाण्याला तो बांध ढासळणार, हे हरीओमलासुद्धा कळत होते.

"सांगू काय त्याईले?" त्याने विचारले.

"राहू दे," वैजयंती म्हणाली. "पंधरा मिनिटं तं बरं वाटन त्याईले."

अफ्रीनने तेथूनच रहीमला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले. पलीकडे इंजिन बंद झाल्याचा आवाज आला आणि मिनिटभराने तो म्हणाला, "काढून टाकलं."

"काका, गेलं का बघा."

उदयसिंगने पाहिले. "माझ्याकडे आहे अजून. मी उतरवून घेतली होती ना. सगळेच उतरवून घेतात, टेकडीवर रेंज नसते कधी कधी." त्याने आणखी दोन अॅप उघडून दाखवली. तीच रेघ होती, वेगवेगळ्या नावांनी. एकीचे नाव 'एकोणीस पायऱ्या' असे होते. चिंचेभोवतीचे अडीच वेढे दोन्हींकडे शाबूत होते.

त्याने आपल्या ग्रुपवर लिहिले की ही लाइन चुकीची आहे, कोणी जाऊ नये. उत्तरे लगेच आली. बहुतेकांनी अंगठे पाठवले. एकाने लिहिले, 'बंद व्हायच्या आत पुढच्या रविवारी एकदा करून घेऊ.' त्यालाही अंगठे आले.

"तो आमच्या ग्रुपचा नाही," उदयसिंग म्हणाला. "पाहुणा आहे." त्याने फोन खिशात टाकला.

शुक्रवारी, एक मेला, झेंडावंदनानंतर शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. रहीम काळीपिवळीने आला होता आणि मागे, चपलांपाशी उभा होता. सरपंच संगीताबाईंनी अफ्रीनला बोलायला सांगितले. ती चार मिनिटे बोलली. एकवीस ठसे, एकोणीस बांध, अडीच वेढे, दोन तास पन्नास मिनिटे. प्रत्येक आकड्यानंतर ती थांबत होती. शेवटी तिने सांगितले की चूक तिची आहे.

टाळ्या वाजल्या. तिला टाळ्यांचे कारण कळेना.

"पोलिसालेबी नसतं सापडलं, ते या पोट्टीनं शोधलं," संगीताबाई म्हणाल्या. "तिघाईचंबी कौतुक." तिघांना एकेक पेन मिळाले. रुपाबाईंनी अफ्रीनच्या डोक्यावरून हात फिरवून बोटे मोडली.

आबा उठले आणि गर्दीतून वाट काढत रहीमपाशी गेले. "रहीमभाई, चुकलं माह्यं."

"तुमचा अंदाज बरोबर होता, आबा. फेरी करणाऱ्यानंच केलं," रहीम म्हणाला. "माणूस तेवढा दुसरा निघाला."

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभा संपेपर्यंत काढला नाही.

त्यानंतर ठराव वाचला गेला. ढोरटेकावर सर्व मोटारसायकलींना बंदी आणि गाडवाटेच्या तोंडाशी आडवा चर.

"सर्व?" वैजयंतीने विचारले. "रहीमकाकाईलेबी?"

"एकाले सोडलं तं बाकीच्याईले कोन्या तोंडानं अडवावं?" संगीताबाईंच्या आवाजात राग नव्हता.

अफ्रीन पुन्हा उभी राहिली. "पण बाहेरचे त्या वाटेनं येतच नाहीत. ती आमची वाट आहे. तिच्यावर एकही ठसा नाही. ते उतारावरून येतात, बांधावरून."

सभेत थोडी कुजबुज झाली. मग जेसीबीवाल्याने हात वर करून सांगितले की उतारावर त्याची मशीन चढत नाही, गाडवाटेपर्यंत जाते. तेव्हा चर गाडवाटेवरच खोदायचा, हे सर्वांना पटले. देखभाल ग्रामस्थांनी करावी, असे एक वाक्य ठरावात शेवटी घालण्यात आले. कोणी आणि कधी, हे लिहायला जागा उरली नव्हती. रहीमने सर्वांबरोबर सही केली.

चर चांगला झाला, सहा फूट रुंद आणि कडा सरळ. आठ वर्षांचा मुरूम त्याच्या दोन्ही बाजूंना ढिगाऱ्याने पडला. तीन मेच्या रविवारी त्या वाटेवर ठसा नव्हता. बांधांवर नव्या चाकांचे अकरा ठसे होते.

पुढच्या शनिवारी रहीम पायी टेकडीवर आला. गॅरेज त्याने दुपारपर्यंत बंद ठेवले होते. त्याचे पाच मित्र आले नाहीत. गाडीच चालवायची नाही त्या टेकडीवर दगड उचलायला एखाद्या वेळी माणूस येतो, दर वेळी नाही. आबा, रहीम आणि तिन्ही मुले, अशा पाच जणांनी ऊन चढेपर्यंत चार बांध उभे केले. चपटे दगड खाली, फटींत चिपा, वर जड दगड. आबांना दोनदा बसावे लागले. वैजयंतीने खिंडारांपुढे बाभळीच्या काट्या टाकल्या. हरीओमने पुठ्ठ्यावर 'हे बांध आहेत' असे लिहून काठीला लावले.

रविवारी काट्या बाजूला ओढलेल्या होत्या. पुठ्ठा ओघळीत पडला होता. चारही बांध फुटले होते.

सोमवारी अफ्रीन रिसोडला घरी आली, तेव्हा रहीमने फोन तिच्यापुढे धरला. 'एकोणीस पायऱ्या' या रेघेखाली नवा अभिप्राय आला होता. 'पहिले चार अडथळे पुन्हा एक नंबर झालेत. देखभाल करणाऱ्यांचे मनापासून आभार. बाकीचेही लवकर करा.'

तिने तो दोनदा वाचला. मग दुपारच्या गाडीने गावी जाऊन आबांना वाचून दाखवला. आबा बाजेवर बसले होते. त्यांनी टेकडीकडे पाहिले.

"म्हंजे रचले तं येतीन," ते म्हणाले. "नाई रचले तं माती जाईन."

"हो."

"पाऊस येयाले किती दिवस हायेत?"

"पस्तीस. फार तर चाळीस."

आबांनी मान हलवली. वैजयंतीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कोणी घेतला नाही. मग आबा म्हणाले, "लिहून ठेव पोरी. पुढं कोनी इचारन, टेकडी कशानं गेली, तं सांगाले पाह्यजे. कोनावर आळ येयाले नाई पाह्यजे."

अफ्रीनने वही उघडली, बक्षिसाचे पेन काढले आणि ऑक्टोबरच्या फाटलेल्या पानासमोर लिहिले:

'ढोरटेकाचे एकोणीस बांध फुटण्याचे कारण: बांध राखणाऱ्यांनी पायी केलेल्या फेरीची रेघ मोटारसायकलीचा मार्ग म्हणून सर्वांना दिसली. रेघ बांधांपाशी जात होती, म्हणून चाके बांधांवरून गेली. रेघ काढून टाकली आहे. तिच्या प्रती काढता येत नाहीत. रेघ टाकणारी: अफ्रीन रहीम, इयत्ता आठवी. रहीम ऑटोच्या कोणाचाही यात हात नाही.'